वाट्याचा श्वास

पांढरकवडा, मारेगाव, वणी, राजूर या पट्ट्यात ज्याच्या अंगावर कधी सुरी फिरली असेल त्याला फरहाना शेख हे नाव ठाऊक नसेल, पण तिचा हात ठाऊक असतो. डोळे मिटायच्या आधी कपाळावर टेकलेला कोरडा, गार हात. लोक तिला भुलीच्या बाई म्हणतात. सर्जन आपापल्या दवाखान्यात बसून असतो. भुलीची बाई कुणा एकाची नसते. सकाळी वणीला सिझेरियन, दुपारी पांढरकवड्याला अपेंडिक्स, मध्येच राजूरच्या खाणीवरून कुणाचा चेंगरलेला पाय आला की गाडी तिकडं वळवायची. गाडी ती स्वतः चालवते, डबा गाडीतच खाते, आणि लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला एवढ्या जोरात हसते की तो पुन्हा विचारत नाही.

तिची एक सवय सगळ्या दवाखान्यांत चेष्टेची झाली होती. पेशंटच्या आधी ती स्वतः मशीनचा श्वास घेई. आधी बाकीचं तपासून घ्यायची: मशीनला लटकलेली काळ्या रबराची पिशवी फुगवायची, नळीचं तोंड तळव्यानं दाबून धरायचं, पिशवी जागची ढळत नाही ना ते पाहायचं. मग मास्क स्वतःच्या नाकातोंडावर धरून डोळे मिटून सावकाश श्वास. नर्स म्हणत, म्याडम भाजी वाढायच्या आधी मीठ पाहून राह्यल्या. ती म्हणे, हो, खारट निघाली तर तुम्ही नाही मरणार, तो मरेल.

हे सगळं तिला मेडिकल कॉलेजात शिकवलं, पण ती शिकून आली होती पुसदहून. तिचे अब्बा, अन्सार मिस्त्री, यांचं तिथं गॅस वेल्डिंगचं दुकान. शाळेतून आल्यावर ती दप्तर त्या दुकानातच टाकी. सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहायचं काम तिचं. आणि अब्बांची एक ताकीद होती, जी त्यांनी तिला नमाजाच्या आधी शिकवली असेल: "बेटा, तेल का हाथ ऑक्सिजन को नक्को." ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जळायला चढवून देतो, असं ते म्हणत. एकदा त्यांनी तिला दाखवलं होतं. मिणमिणत्या चिमणीच्या ज्योतीवर त्यांनी नळीतून नुसती झुळूक सोडली. पिवळी ज्योत पांढरी झाली, उंच झाली आणि चिरत गेल्यासारखा आवाज करू लागली. ती मागं सरकली होती. ती पांढरी ज्योत तिच्या लक्षात राहिली.

तिच्यात दोष एकच होता, आणि तो गुण समजूनच ती जगत आली होती. एकदा तपासलेल्या गोष्टीकडं ती पुन्हा वळून पाहत नसे. कुलूप लावलं की लावलं. गॅस बंद केला की केला. अर्ध्या रस्त्यातून घरी परतून कडी ओढून पाहणारी माणसं तिला सहन होत नसत.

पांढरकवड्याच्या डॉ. श्रीकृष्ण पांढरीपांड्यांच्या दवाखान्यात हंसाबाई आली ती पेशंट म्हणून आलीच नव्हती. ती सुनेसोबत आली होती. सून नलू, दिवस भरत आलेले, पहिलटकरीण. सोनोग्राफीत वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी बसलेली दिसली आणि थोडं रक्तही गेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला वॉर्डात पाडून ठेवलं. गाव केळापूरच्या पलीकडं, अडीअडचणीला वेळेवर पोचणं व्हायचं नाही. मुलगा उकंडा कापूस वेचणीत अडकलेला, तेव्हा सासूच राहिली. खाटेखाली चटई टाकून झोपायची, साऱ्या वॉर्डाला आपल्या डब्यातला चिवडा द्यायची. फरहानाला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमी झोपवता त लोकं सपान पाहतेत का? फरहाना म्हणाली, पाहिलं तरी सांगत नाहीत. त्यावर ती म्हणाली, मी आली त सांगीन.

आणि ती आली. जुना हर्निया अडकला, पोट दगडासारखं झालं, उलट्या थांबेनात. लगेच ऑपरेशन करणं भाग होतं.

त्या दिवशी फरहानानं मशीन नेहमीसारखंच तपासलं. मशीन भिंतीला लागून उभं होतं, त्याची ऑक्सिजनची नळी भिंतीतल्या तोटीतून सरळ खाली आलेली. पिशवी ठीक, झडपा ठीक. तिनं स्वतः श्वास घेऊन पाहिला. हंसाबाईच्या कपाळावर हात ठेवला. हंसाबाई म्हणाली, "नलूले सांगजा, आंघोळीचं पानी ऊन घेजो मनावं." आणि झोपली.

पांढरीपांडे डॉक्टर डाव्या बाजूला उभे राहतात आणि त्यांना कोपर हलवायला जागा लागते. म्हणून पेशंट झोपला की मशीन थोडं ओढून टेबलाच्या डोक्याशी घ्यायचं, ही त्या खोलीची रीत. तसं घेतलं, चाकाचा ब्रेक लावला, हिरवी चादर खालपर्यंत सोडली.

पोट उघडून झालं असेल नसेल, ऑक्सिजन किती जातो ते दाखवणारी मशीनच्या काचनळीतली गोटी खाली बसायला लागली. फरहानानं कळ फिरवून ती वर केली. ती पुन्हा बसली. आपलाच हात लागला असेल, असं तिला वाटलं. मग बोटाला लावलेल्या यंत्राचा सूर उतरू लागला. ते यंत्र दर ठोक्याला टुंई करतं. अंगातला ऑक्सिजन कमी झाला की टुंईचा सूर खाली येतो. तिनं छाती ऐकली. नळी घशात बरोबर बसली आहे का पाहिलं. फुप्फुसात काही अडकलं का, हृदय दमलं का, ती पेशंटमध्येच शोधत राहिली. भूल देणारा दुसरा वायू बंद केला, ऑक्सिजनची कळ पुरती उघडली. भिंतीवरच्या मीटरचा काटा ताठ उभा होता, म्हणजे ऑक्सिजन येतच होता. आणि मशीन तर तिनं तपासलेलं होतं. हाताची पिशवी घेऊन ती साध्या हवेवर श्वास द्यायला लागली तोवर सूर फार खाली गेला होता. हंसाबाईचं हृदय एकदा अडखळलं, पुन्हा चाललं, मग थांबलं ते थांबलंच.

डॉक्टरांनी हार्ट म्हणून लिहिलं. ते खोटं नव्हतं, हृदय थांबलंच होतं. उकंडा भिंतीला पाठ लावून बसला, त्याच्या केसांत कापसाची बोंडं उलगडल्यासारखे धागे अडकलेले. नलूला कुणी उठू दिलं नाही. प्रेत गावी गेलं. नलू वॉर्डातच पडून राहिली.

डॉक्टरांनी ऑपरेशनची खोली बंद केली. वातावरण निवळू द्या, म्हणाले, तोवर केसेस वणीला पाठवू. आतलं कुणी काही आवरलं नाही. सिस्टरनं मशीनच्या नळीचं तोंड सवयीनं खुंटीवर टेकवलं आणि दार ओढून कुलूप लावलं एवढंच.

दोन दिवस गेले आणि मानीबाईनं सांगितलं की आत कुणीतरी श्वास घेतं.

मानीबाई त्या खोलीची आया. तिनं असल्या गोष्टी फार पाहिल्या आहेत आणि ती घाबरट नाही; मेलेल्यांना आंघोळ घालून ती लगेच भाकर खाते. पण खोलीत जाऊन फरशी पुसायला ती तयार होईना. दाराला कान लावला की आतून सतत श्श्श असं येतं, म्हणाली, दात आवळून कुणी श्वास सोडावा तसं. आणि दाराच्या गोल काचेतून पाहिलं तर ती काळी पिशवी सकाळी चपटी असते अन् दुपारी फुगलेली. खोलीत कुणी नाही. दाराला कुलूप.

वॉर्डात बातमी पसरायला किती वेळ लागतो. नलूची खाट त्याच बोळाच्या तोंडाशी. दिवसभर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असे, आणि मग कळलं की ती झोपलेली नसते, ऐकत असते.

फरहानानं हे ऐकलं आणि उडवून लावलं. एसीचा आवाज असेल. एसी बंद आहे, मानीबाई म्हणाली. मग पाइपात पाणी असेल. त्याच वेळी औषधांच्या दुकानातला जमीर, जो मागच्या शेडमध्ये, जिथून भिंतींतल्या तोट्यांना ऑक्सिजन येतो, तिथले सिलिंडरही बदलतो, वेगळंच रडगाणं गात होता. वॉर्डात एकाही पेशंटला ऑक्सिजन नाही, तरी सिलिंडर भराभर रिकामे होतात. कुणी चोरून भरून नेत असेल तर आपल्यावर नाव येईल. या दोन गोष्टी एकाच बाईच्या कानावर, एकाच चहाच्या कपात पडल्या, आणि तिनं त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. माणूस हुशार असला की सगळं वेळेवर सुचतं असं थोडंच आहे.

तरीही ती जाऊन उभी राहिली त्या गोल काचेसमोर. भर दुपारची वेळ. आत खिडकीचा पांढुरका उजेड. टेबलावर चादर चुरगळलेली, तशीच. मशीन डोक्याशी उभं, एखादा नातेवाईक उशाशी उभा असावा तसं. पिशवी चपटी लोंबत होती. पाहा, काही नाही, असं म्हणायला ती वळणार तेवढ्यात पिशवीची एक सुरकुती सुटली. मग दुसरी. कुणी पालथं झोपलेलं माणूस हळूहळू जागं होऊन पाठ उंचावतं, तशी ती पिशवी उंचावत गेली, गोल झाली, आणि थांबली. मागं शेडमध्ये जमीरनं नवा सिलिंडर खणकन भिंतीला टेकवल्याचा आवाज आला होता, पण तो तिला पुढं आठवला. तेव्हा तिच्या कानात एकच वाक्य आलं. मी आली त सांगीन.

तिनं कुलूप उघडलं नाही. गाडीत बसली आणि वणीला, घरी निघून गेली. कुणाला काही बोलली नाही. फक्त त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, एका केसला निघालेली ती अर्ध्या रस्त्यातून परत आली आणि घराची कडी ओढून पाहिली.

दरम्यान नलूला पुन्हा रक्त दिसलं, थोडंसंच. आता पुढं ढकलण्यात अर्थ नव्हता. सोमवारी खोली उघडायची, मशीन चालवून पाहायचं आणि मंगळवारी नलूचं सिझेरियन करायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. रक्त जाण्याची भीती म्हणून कमरेत सुई देऊन चालणार नव्हतं. पूर्ण भूल द्यावी लागणार होती. म्हणजे तीच खोली, तेच टेबल, तेच मशीन.

नलू म्हणाली, मी तिथं जानार नाई. तिच्या मते सासूचा जीव त्या खोलीत अडकला होता आणि आपण तिथं झोपलो तर तो बाहेर यायला वाट शोधेल. कोणती वाट, हे ती बोलली नाही, पण हात पोटावर होता. तिकडं एक रीत आहे. माणूस जिथं जातं त्या जागी पीठ पसरतात, वर दिवा ठेवतात, दिव्यावर टोपली पालथी घालतात, आणि मागाहून पिठात काय उमटलं ते पाहतात. पाखराचा पाय असेल तर पाखराच्या जन्मी गेला, सापाचा माग असेल तर तसा. काही उमटलं की जीव निघाला. घरी उकंडानं दिवा लावला होता, पीठ कोरंच राहिलं. राहणारच, नलू म्हणाली. जीव घरी गेलाच नाही, इथं गेला.

उकंडानं डॉक्टरांकडं तशी परवानगी मागितली. डॉक्टर चिडले. फरहानाला विचारलं तेव्हा तीही नाहीच म्हणाली, आणि कारणही सांगितलं: ऑक्सिजनच्या खोलीत दिवा म्हणजे आपल्या हातानं सरण. तिनं हे बोळात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मानीबाईनं मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात फरक असतो.

सोमवारी फरहाना उजाडता उजाडता आली. बोळात मानीबाई उभी होती, झाडू हातात, पण झाडत नव्हती. नलूच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला. तळलेल्या तेलासारखा, जरा कडवट वास येत होता. फरहानाला वाटलं, बाहेरच्या हॉटेलात कढई चढली. तिनं कुलूप उघडलं आणि दार ढकललं.

टेबलाच्या डोक्याशी, मशीनच्या पायांजवळ, जमिनीवर एक ज्योत जळत होती.

पिवळी नव्हती. पांढरी होती, हातभर उंच, सुईसारखी, आणि ती चिरत गेल्याचा बारीक आवाज करत होती. पंखा बंद, खिडकी बंद, वारं कुठलं नाही, तरी ती ज्योत एका बाजूला झुकलेली, टेबलापासून दूर, जणू कुणी जमिनीला गाल लावून तिच्यावर फुंकर घालत आहे आणि ती विझायच्या ऐवजी वाढते आहे. दिव्याखाली पीठ पसरलेलं. त्याभोवती काळं गोल कडं. टोपली नव्हतीच, ती राख होऊन गेली होती, एवढ्या भराभर की जमिनीवर तिची वीणसुद्धा उमटलेली राहिली होती.

मागून मानीबाई आली, आणि ते पाहून दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिनं सिस्टरकडची किल्ली घेऊन दिवा लावला तो पहाटे, नलूनं गावाहून मागवलेलं जवसाचं तेल घालून, आणि चांगली बोटभर, पिवळी ज्योत होती, असं ती सांगायला लागली.  मग तिची नजर पिठावर गेली.

"बाई, तिनं फुकलं," ती म्हणाली.

पिठाच्या मशीनकडल्या बाजूला, अरुंद टोकापासून रुंद होत गेलेली, पंख्यासारखी साफ झालेली जागा होती. पीठ तिथून उडून कडेला रांगेनं साचलं होतं. पाऊल नव्हतं, माग नव्हता. ती फुंकर होती.

फरहाना दाराशीच उभी राहिली. भीती काय असते ते तिला तेव्हा कळलं.  पण त्या पांढऱ्या ज्योतीनं तिला उचलून पुसदच्या दुकानात नेऊन ठेवलं. ही ज्योत तिनं पाहिली होती. ही ज्योत कुणाच्या फुंकरीनं होते ते तिला ठाऊक होतं.

तिनं आधी भिंतीवरची तोटी बंद केली. खोलीतला तो श्श्श, जो सगळा वेळ चालू होता आणि जो एकदा कानात बसला की ऐकू येईनासा होतो, तो लांबत लांबत थांबला. ज्योत डगमगली. पिवळी झाली, बुटकी झाली, साधा दिवा झाला. मग तिनं स्टीलचा ट्रे त्याच्यावर पालथा घातला आणि खिडकी उघडली.

पंख्याच्या अरुंद टोकाशी ती गुडघ्यांवर बसली. टोक दाखवत होतं तिथं ऑक्सिजनची नळी होती, आणि नळीवर मशीनचं मागचं चाक. चाकाखाली ती चपटी झाली होती. त्याच्या अलीकडं, जिथं वाकली होती तिथं, जुनी घडी उकलून तोंड पडलं होतं. भिंतीवरचा काटा अलीकडचा, म्हणून तो ताठ. चाकापलीकडं मशीनला मिळत होती ती नुसती धार. भिंतीशी उभं असताना नळी मोकळी होती, म्हणून तपासणीत सगळं ठीक. ओढून डोक्याशी आणलं तेव्हा चाक चढलं. चादरीनं ते झाकलं. घाबरलेल्या हातानं उघडलेली ऑक्सिजनची कळ त्या दिवसापासून तशीच पुरती उघडी होती. जमीरनं शेडमध्ये सिलिंडर बदलला की ती धार मशीनमध्ये शिरायची आणि पुढचं तोंड खुंटीवर बंद असल्यानं पिशवी फुगायची, सिलिंडर संपला की पिशवी बसायची.

सगळं जुळलं. आणि जुळल्यावर जे उरलं ते तिला दिव्यापेक्षा भयंकर वाटलं. तिनं मशीन तपासलं होतं, पण जिथं ते पेशंटला श्वास देणार होतं तिथं उभं असताना नाही.

पांढरीपांडे डॉक्टर आले तेव्हा ती अजून जमिनीवरच बसलेली. त्यांनी पाहिलं, ऐकलं, बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, नळी बदलून घेऊ, झालं. आता कुणाला काय सांगायचं, गेलेलं माणूस काही परत येत नाही.  तेवढ्यात बोळातून सिस्टर धावत आली. नलूला एकदम रक्त सुरू झालं होतं. चादर भिजली होती. यवतमाळला न्यायचं म्हटलं तर वाटेतच सगळं संपलं असतं.

नलूनं खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. उकंडा तिची बोटं सोडवत होता आणि रडत होता. ती एकच म्हणत होती, त्या खोलीत नाई. सासू थितं हाये. तिचा श्वास म्या ऐकला. फरहाना तिच्याजवळ बसली. खोटं सांगून तिला उचलता आलं असतं. ती चांगलं खोटं बोलते. धंद्यातच आहे, प्रत्येकाला सांगावं लागतं की काही होणार नाही.

"तू जे ऐकलं ना, तो ऑक्सिजन होता," ती म्हणाली. "नळी फुटलेली. माझं मशीन तिच्यावर चढलं होतं. तुझ्या सासूला जो जायला पाहिजे होता तो गेला नाही. तो खाली, जमिनीवर वाया जात होता. मी पाहिलं नाही."

उकंडाचे हात थांबले. नलूनं तिच्याकडं पाहिलं. रक्त गेलेल्या माणसाचे डोळे मोठे आणि फार स्वच्छ होतात.

"म्हंजे तो तिच्याच वाट्याचा श्वास होता," नलू म्हणाली. "मी तेच त सांगून राह्यली."

 ती मुलगी चूक बोलत नव्हती.

"आता मले कोनाचा देसान?"

"तो कुठं गळतो ते पिठात तुझ्या सासूनंच दाखवलं. आता तो बंद केला मी. तुला दुसरा देईन. आधी मी घेऊन पाहीन."

नलूनं दांडा सोडला.

मग जे झालं ते फार भराभर झालं. मानीबाईनं पीठ, राख, दिवा सगळं ओल्या फडक्यानं पुसून नेलं आणि फरशी औषधानं धुतली. भिंतीची नळी फरहानानं काढूनच टाकली, श्वासाच्या नळ्या नव्या लावल्या. जमीरनं मशीनच्या पाठीवर नवा, भरलेला सिलिंडर चढवला; तो चढवताना ती त्याच्या तळव्यांकडं पाहत होती, तेल नाही ना म्हणून. मशीन आधी टेबलाच्या डोक्याशी नेलं, चाकं मोकळी आहेत हे वाकून, हात फिरवून पाहिलं, ब्रेक लावला, आणि मग तिथं, त्या जागी उभं राहून, पहिल्यापासून तपासलं. जोडांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नव्हता. मास्क तोंडावर धरला, डोळे मिटले.

पहिल्या श्वासात जळक्या जवसाचा वास आला.

तिनं मास्क काढला. सिलिंडर नवा, नळ्या नव्या. कपड्यांना लागला असेल. ज्योतीजवळ किती वेळ बसली होती ती. तिनं पुन्हा श्वास घेतला. दुसऱ्या श्वासात काही नव्हतं, नुसती कोरडी, स्वच्छ गार हवा. टेबलावरून नलू तिच्याकडं पाहत होती.

"आला का?" तिनं विचारलं. काय आला, ते तिनं सांगितलं नाही.

"आला," फरहाना म्हणाली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला.

पूर्ण वेळ ती वाकून वाकून चाकांकडं पाहत होती. डॉक्टर एकदा वैतागले, इकडं लक्ष द्या म्हणाले. ती म्हणाली, तुम्ही तुमचं शिवा. यंत्राचा सूर एकदाही उतरला नाही. मुलगी झाली, आणि जराशानं, सगळ्यांना वाट पाहायला लावून, रडली. नलूला तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं, पण ती वाचली. शुद्धीवर येताना ती काहीतरी पुटपुटत होती. मानीबाईच्या म्हणण्याप्रमाणे, आंघोळीचं पानी ऊन घेजो, असं. हंसाबाईचा तो निरोप फरहानानं कुणालाच दिला नव्हता. त्या गडबडीत राहून गेला होता. मानीबाईला तिनं नीट ऐकलं का असं विचारलं. मानीबाई म्हणाली, मी काहून खोटं बोलू.

त्या संध्याकाळी तिनं पुसदला फोन लावला. अब्बा आता दुकानात नुसते खुर्ची टाकून बसतात, काम तिचा भाऊ पाहतो. तिनं सगळं सांगितलं, कधी नव्हे ते, अडखळत.  मग म्हातारा म्हणाला, "साबुन लगाया?" लगाया, ती म्हणाली. "जगा पे लगाया?" हो, अब्बा, जागेवर लावला. "फिर सो जा."

हंसाबाईच्या माणसांनी फरहानाविरुद्ध काही केलं नाही. करायला हवं होतं, असं ती स्वतःच म्हणते. डॉक्टरांनी जे लिहिलं होतं त्याखाली तिनं स्वतःच्या सहीनं नळीचं आणि चाकाचं लिहून दिलं, आणि पांढरीपांडे काही महिने तिच्याशी कामापुरतंच बोलले. पण त्यांच्याच खोलीत आता ऑक्सिजनची नळी छतातून खाली येते, जमिनीला शिवत नाही.

ती अजून त्याच रस्त्यांवरून फिरते. वणी, राजूर, मारेगाव, पांढरकवडा. कुठल्याही खोलीत गेली की मशीन आधी जागेवर नेते, चाकांखाली हात फिरवते, आणि मग मास्क तोंडाला लावते. नर्स अजून मिठाचा विनोद करतात. त्यांना हे ठाऊक नाही की पहिल्या श्वासाला तिला दर वेळी, सगळ्या गावांत, सगळ्या मशीनवर, जळक्या जवसाचा वास येतो आणि दुसऱ्याला जातो. तिनं त्याचं कारण शोधणं केव्हाच सोडलं. तो आला की ती पेशंटकडं वळते.

मागं एकदा राजूरला तो आला नाही. सर्जन हात धुऊन उभा, पेशंट टेबलावर, मशीनमध्ये कुठं काही दोष नाही. तिनं सगळ्यांना थांबवलं, चाकापासून पुन्हा सुरुवात केली, आणि वास येईपर्यंत श्वास घेत राहिली.